अरारात, १९७३: बरोबरीला किंमत नसलेला मोसम

दूरचा_स्टँड | शनिवार, रात्री १०.१२

मंडळी, इथले फुटबॉलचे धागे इंग्लंड-स्पेनवरून सुरू होतात आणि तिथेच संपतात. आज जरा लांब जाऊ या. सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च लीगचा १९७३ चा मोसम.

त्या वर्षी लीगमध्ये १६ संघ होते, प्रत्येकाचे ३० सामने. जिंकलात की २ गुण. इथपर्यंत नेहमीचंच. पण फेडरेशनने ठरवलं की ड्रॉ म्हणून काही ठेवायचंच नाही. ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर तिथल्या तिथे टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी शूटआउट. तो जिंकणाऱ्याला १ गुण, हरणाऱ्याला काही नाही. म्हणजे परगावी जाऊन, चिखलात दीड तास झुंजून ०-० राखलंत आणि शेवटची पेनल्टी बारवर आदळली, तर ५-० ने मार खाल्लेल्या संघात आणि तुमच्यात काही फरक उरला नाही. एकच वर्ष हा प्रयोग चालला. १९७४ मध्ये ड्रॉचा गुण परत आला.

आणि नेमक्या त्याच वर्षी, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियाचा अरारात येरेवान चॅम्पियन झाला. ३९ गुण. दुसरा डिनामो कीव, ३६. सोव्हिएत लीगमधलं अरारातचं हे एकमेव विजेतेपद.

मला हा संघ मनापासून आवडतो. निकिता सिमोन्यान प्रशिक्षक, पुढे मार्कारोव, आंद्रेआस्यान, इश्तोयान. पण परवा एका मित्राने सरळ विचारलं, "नियम नेहमीचा असता तर?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. त्या नियमामुळे या विजेतेपदाला उणेपण येतं का? माझं प्रामाणिक मत, थोडं येतं. तुमचं सांगा.

---

वाचनमात्र_विनू | रात्री १०.२०

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचणार.

---

पेठेतला_गोली | रात्री १०.४१

भावा, उणेपण कसलं? मी कोल्हापूरचा. अकरा वर्षं गोलपोस्टमध्ये उभा राहिलोय. टायब्रेकरला नशीब म्हणणारा माणूस कधी त्या रेषेवर उभा राहिलेला नसतो. समोरचा गडी पळत येताना त्याचा टेकायचा पाय बघायचा, आधी हालायचं नाही, आणि मागनं आख्खी पेठ वरडतीया ते ऐकायचं नाही. ही सरावानं येणारी गोष्ट हाय.

एकदा सेमीफायनलला आम्ही टायब्रेकरवर हरलो. मी दोन अडवल्या, तरी हरलो. घरी जाऊन जेवलो नाही. पण मॅच खोटी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. नियम सोळाही संघांना सारखाच होता की.

अरारातचा गोली कोण होता हो?

---

दूरचा_स्टँड | रात्री १०.५०

@पेठेतला_गोली, अल्योशा अब्राहाम्यान. येरेवानमध्ये आजही आदराने नाव घेतात.

---

कुपरेज_पश्चिम | रात्री ११.३५

चांगला विषय. नियमावर निकाल देण्याआधी तो आला कशामुळे हे बघायला हवं.

सोव्हिएत लीगमध्ये ड्रॉचं दुखणं जुनं होतं. मोसमाच्या शेवटी दोन्ही संघांना एकेक गुण पुरेसा असला की चेंडू मैदानाच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहायचा. प्रेक्षकांना कळायचं, वर्तमानपत्रांना कळायचं. गुण वाटून घेतल्याचा संशय सतत असायचा. तो उपटून काढायला १९७३ चा टायब्रेकर आणला. तो टिकला नाही, पण दुखणंही गेलं नाही. १९७७ मध्ये कीव चॅम्पियन झाला तो ३० पैकी १५ सामने ड्रॉ करून. मग १९७८ पासून दुसरं औषध आलं. मोसमात पहिल्या ८ ड्रॉनाच गुण, त्यापुढच्यांना शून्य. नंतर ती मर्यादा १० केली. म्हणजे १९७३ चा नियम कुणा एकाची लहर नव्हती. खेळ जिवंत ठेवण्याची ती धडपड होती आणि मला तिच्याबद्दल आदर आहे.

दुसरी गोष्ट संघांच्या मालकीची. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलवाल्यांना ती पटकन कळेल. डिनामो म्हणजे गृहखातं, सेस्का म्हणजे लष्कर, लोकोमोटिव्ह रेल्वेचा, तोर्पेदो मॉस्कोतल्या मोटार कारखान्याचा, शाख्त्योर खाणकामगारांचा. आपल्या मुंबईत मफतलाल, टाटा, ऑर्के, महिंद्रा, आरसीएफ, रेल्वे, बँका असे संघ होतेच. रोव्हर्स कपच्या वेळी कुपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून आम्ही "आज मफतलाल" म्हणायचो, तेव्हा गिरणी डोळ्यांसमोर यायची. खेळाडू नोकरीवर, पगार खात्याचा, आणि सकाळी सराव. सोव्हिएत रचना कागदावर अशीच, फक्त अवाढव्य. खेळाडू कागदोपत्री हौशी. लष्कराच्या संघाला हवा तो मुलगा सक्तीच्या सैन्यसेवेच्या नावाखाली उचलता यायचा.

अशा लीगमध्ये खात्याच्या जोरावर नाही, तर एका लहान प्रजासत्ताकाच्या जोरावर उभा राहिलेला संघ वर आला. माझ्या लेखी १९७३ चं मोल तिथे आहे.

---

गणिताची_वही | रात्री ११.५८

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मोजता येण्यासारखा आहे.

नेहमीच्या नियमात ड्रॉला दोघांना १-१. त्यामुळे १९७३ चा टायब्रेकर जिंकलेल्या संघाचं काही बदलत नाही, त्याला १ गुण मिळालेलाच आहे. बदलतं ते फक्त टायब्रेकर हरलेल्याचं. म्हणजे आकडा एकच महत्त्वाचा, कोण किती टायब्रेकर हरलं. अंतर ३ गुणांचं. कीवने अरारातपेक्षा ३ टायब्रेकर जास्त गमावले असतील तर दोघे बरोबरीत, ४ जास्त असतील तरच कीव पुढे. अंतर छोटं नाही हे लक्षात घ्या. त्या काळी विजयाला २ गुण होते, आजच्यासारखे ३ नव्हे.

पण मला या गणिताचाच भरवसा वाटत नाही. ड्रॉला गुण आहे हे माहीत असताना संघ शेवटची दहा मिनिटं वेगळी खेळतो. ड्रॉ म्हणजे अर्धा पराभव हे माहीत असताना वेगळी. त्या ३० सामन्यांत खेळाडूंनी जे निर्णय घेतले ते त्या नियमाला धरून घेतले. निकाल उचलून दुसऱ्या नियमात बसवणं म्हणजे कबड्डीचे गुण खो-खोच्या पाटीवर लिहिणं.

---

सोनचाफा२२ | रविवार, सकाळी ७.०५

कबड्डी-खोखोची उपमा आवडली. मला फुटबॉल कळत नाही, तरी वाचतेय.

---

फातोर्डेकर | सकाळी ८.३०

आमच्या गोव्यातून एक आठवण. थोडं अवांतर होईल.

जानेवारी १९८९. नेहरू कपसाठी मडगावला फातोर्ड्याचं स्टेडियम नवंकोरं उभं राहिलेलं. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. सोव्हिएत संघही आला होता. माझे बाबा मला घेऊन गेले, मी नऊ वर्षांचा. लाल जर्सीवर चार अक्षरं, मला ती इंग्रजी सी आणि पी वाटली. बाबा म्हणाले, "बाळा, ते रशियन. सी म्हणजे स आणि पी म्हणजे र." त्या दिवशी मी पहिल्यांदा परकी लिपी वाचली. कप हंगेरीने नेला, पण माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी वर्षभर ती चार अक्षरं काढत होतो.

बाबा धेंपो-साळगावकर या गोव्याच्या क्लबांचे चाहते. त्यांना सोव्हिएत संघांचं एकच आवडायचं. चेंडू पायात घेऊन कुणी उभा राहत नाही. "दी आनी धांव." दे आणि पळ. सिमोन्यानच्या संघाबद्दल वाचलं की मला तेच शब्द आठवतात.

---

हावडा_पूल | सकाळी ९.१५

मी कोलकात्यात वाढलेला मराठी. इथे कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, अरारात येरेवान आपल्या देशात येऊन खेळून गेलाय. १९७८ ची आयएफए शील्ड, कोलकात्यातली स्पर्धा. फायनल मोहन बागान विरुद्ध अरारात, २-२. शील्ड दोघांना विभागून दिली.

आमच्या पाड्यातली वडीलधारी माणसं ही २-२ मॅच विजयासारखी सांगायची. पाच वर्षांपूर्वी सोव्हिएत चॅम्पियन झालेल्या संघाला रोखलं, एवढं त्यांना पुरेसं होतं. आता हा धागा वाचताना जाणवलं, १९७३ चा नियम लावला असता तर त्या बरोबरीलाही टायब्रेकरशिवाय काही मिळालं नसतं. कोलकात्यात मात्र ती बरोबरी पन्नास वर्षं टिकली.

---

पेठेतला_गोली | सकाळी ९.२८

@हावडा_पूल, नाद खुळा माहिती दिलीत दादा.

---

अरारातच्या_सावलीत | दुपारी १२.४०

मला हा धागा एका मैत्रिणीने पाठवला. नाव बघूनच कळलं असेल, मी येरेवानला सहा वर्षं होते, वैद्यकीय शिक्षणासाठी. तिथे आपली बरीच मुलं-मुली जातात. फुटबॉल मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हता, पण १९७३ हा आकडा पहिल्याच हिवाळ्यात कानावर आला. आमच्या घरमालकीणबाई, आजीच म्हणायचो त्यांना, स्वयंपाकघरात संघाचा एक जुना कृष्णधवल फोटो लावून होत्या. देवाच्या तसबिरीशेजारी.

आधी नावाचं सांगते. क्लबचं नाव पूर्वी स्पार्ताक होतं, १९६३ मध्ये अरारात झालं. अरारात हा डोंगर. स्वच्छ दिवशी येरेवानच्या कुठल्याही उंच गच्चीवरून तो दिसतो, बर्फाने भरलेला, हात लांब केला तर लागेल असा. पण तो तुर्कस्तानात आहे आणि सरहद्द बंद. रोज दिसणारा, आपला मानलेला, आणि जिथे पाऊल ठेवता येत नाही असा डोंगर. त्याचं नाव जर्सीवर लिहून अकरा मुलं मॉस्कोत, कीवमध्ये खेळायला जायची. आजी म्हणायच्या, आमच्याकडे तेव्हा मोठ्याने म्हणता येण्यासारखे फार थोडे शब्द होते, त्यातला हा एक.

दुसरं, मैदानाचं. ह्राझदान स्टेडियम १९७१ मध्ये सुरू झालं, सत्तर हजारांच्या वर माणूस बसेल एवढं. नदीच्या खोल घळीत बांधलंय. त्याच्या वरच्या टेकडीवर १९१५ च्या आर्मेनियन नरसंहाराचं स्मारक आहे, १९६७ चं. १९६५ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा येरेवानमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, सोव्हिएत राजवटीत असं सहसा घडत नसे. त्यानंतर ते स्मारक झालं. वर स्मारक, खाली घळीत स्टेडियम. मी तिथे गेले तेव्हा स्टेडियम ओस पडलेलं होतं, बाहेर बाजार भरायचा, जोडे आणि भांडी विकायला ठेवलेली. मला रडू आलं होतं, कारण आजींच्या फोटोतली गर्दी माझ्या डोळ्यांसमोर होती.

घोषणा अशी होती: "हुप तुर!" म्हणजे साधारण "दाबा! जोर लावा!" सत्तर हजार माणसं ती घळीत ओरडली तर आवाज कुठे जाणार? तिथेच घुमत राहायचा.

विजयाच्या रात्री लेनिनच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या पाठीवर कुणीतरी ८ हा आकडा लावला, असं तिथे प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. ८ हा आंद्रेआस्यानचा नंबर.

---

सोनचाफा२२ | दुपारी १२.५५

ताई, अंगावर काटा आला. डोंगराचं ठाऊकच नव्हतं.

---

उलट_बाजू | दुपारी २.१०

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं पाणी ओततो. मला अरारातबद्दल काही आकस नाही. पण "लहान प्रजासत्ताकाचा संघ मॉस्कोच्या नाकावर टिच्चून जिंकला" ही गोष्ट १९७३ मध्ये नवी नव्हती. कीव १९६१ मध्ये जिंकला होता, तिबिलिसी १९६४ मध्ये. आणि १९७२ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी, झार्या व्होरोशिलोव्हग्राद जिंकला, आजचं लुहान्स्क. ते तर प्रजासत्ताकाची राजधानीही नाही, इंजिनं बनवणारं कामगारांचं गाव. तेही नेहमीच्या नियमाने.

शिवाय अरारातही मदतीशिवाय वर आला असं समजू नका. प्रत्येक प्रजासत्ताकात पक्षाची माणसं आपापल्या संघाच्या पाठीशी असायची. घरं, गाड्या, नोकऱ्या, सगळं तिथूनच. कुपरेजकाका, खातं आणि प्रजासत्ताक यांत तुम्ही म्हणता एवढी मोठी भिंत नव्हती.

---

कुपरेज_पश्चिम | दुपारी २.४४

झार्याचा मुद्दा मान्य. पक्षाच्या पाठबळाचाही मान्य. पण पाठबळ कुणाच्या आनंदासाठी वापरलं गेलं, हा फरक मी सोडणार नाही. गृहखात्याच्या संघाने कप जिंकला म्हणून कुठल्या आजीने तसबिरीशेजारी फोटो लावला असेल, असं मला वाटत नाही.

---

उलट_बाजू | दुपारी २.५१

इथे मी हरलो. :)

---

पंचांची_शिट्टी | दुपारी ४.३०

इतके प्रतिसाद झाले आणि १० ऑक्टोबर १९७३ चा कुणी उल्लेखच केला नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दिवसात आहे. सविस्तर लिहितो.

त्या दिवशी मॉस्कोत, आज ज्याला लुझनिकी म्हणतात त्या लेनिन स्टेडियममध्ये सोव्हिएत कपची फायनल होती. समोरासमोर कोण? अरारात आणि डिनामो कीव. लीगमध्येही पहिले दोन हेच. कीवकडे ओलेग ब्लोखिन, २१ व्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता, आणि त्या मोसमात १८ गोल करून लीगमध्ये सर्वांत पुढे. जोडीला बुर्याक, कोलोतोव.

दुसऱ्या हाफमध्ये कोलोतोवने पेनल्टीवर गोल केला. १-०. घड्याळ पुढे सरकत गेलं. शेवटची काही मिनिटं उरली आणि कीवचे प्रशिक्षक अलेक्सांद्र सेविदोव यांनी ब्लोखिन आणि बुर्याक दोघांनाही बाहेर बोलावलं. कप हातात आला असं त्यांना वाटलं असणार. आणि ८९ व्या मिनिटाला लेव्होन इश्तोयानने बरोबरी केली. आर्मेनियातल्या लेनिनाकानचा मुलगा, बुटका, चपळ, विंगवरून आत घुसणारा. सामना जादा वेळेत गेला. कीवचे दोन सर्वांत धारदार खेळाडू बाकावर, परत आत येऊ शकत नाहीत. जादा वेळेत पुन्हा इश्तोयान. २-१.

सेविदोवची नोकरी गेली. हेच सेविदोव १९७१ मध्ये कीवला लीग जिंकून देणारे, पण त्या दोन बदल्या कुणी विसरलं नाही. त्यांच्या जागी व्हालेरी लोबानोव्स्की आणि ओलेग बाझिलेविच आले. त्यानंतरचं कीव सगळ्यांना माहीत आहे. १९७४ ची लीग आणि कप, १९७५ मध्ये फेरेन्त्सवारोशला ३-० हरवून युरोपातला कपविजेत्यांचा कप, मग सुपर कपमध्ये बायर्न म्युनिकवर मात, आणि ब्लोखिनला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. इश्तोयानच्या त्या ८९ व्या मिनिटानेच लोबानोव्स्कीला कीवचं दार उघडून दिलं, असं मी मानतो.

आता दूरचा_स्टँड, तुमचा प्रश्न. कपची ही फायनल टायब्रेकरने सुटलेली नाही. १२० मिनिटं, चालू खेळात केलेले दोन गोल. नियम नेहमीचा असता तर अरारात कीवपेक्षा सरस ठरला असता का? त्याच महिन्यांत, त्याच कीवसमोर, अख्ख्या जगात जो नियम चालतो त्याच नियमाने तो सरस ठरला.

अजून एक. एकाच वर्षी लीग आणि कप दोन्ही. सोव्हिएत संघाच्या सगळ्या इतिहासात हे मॉस्को आणि कीवच्या क्लबांना जमलं. त्यांच्या बाहेरचा एकच संघ या यादीत आहे, अरारात.

---

पेठेतला_गोली | दुपारी ४.४१

८९ वं मिनिट! माझ्या अंगात आलं वाचताना. शेवटच्या मिनिटाला कधी गडी बाहेर काढू नये राव. आमचे वस्ताद सांगायचे, शिट्टी वाजेस्तोवर तालमीतनं बाहेर पाय नाही.

---

गणिताची_वही | सायंकाळी ५.२०

@पंचांची_शिट्टी, लिखाण फार सुंदर. तरी एक आक्षेप नोंदवतो. कप म्हणजे एक सामना, लीग म्हणजे ३०. सेविदोवच्या बदल्या नसत्या तर फायनल कीवची होती. एका संध्याकाळवरून मोसमाचा न्याय लावू नये.

मला जास्त पटणारा पुरावा आजूबाजूच्या वर्षांचा आहे. १९७१ मध्ये अरारात लीगमध्ये दुसरा. १९७५ मध्ये व्हिक्टर मास्लोव यांच्या हाताखाली पुन्हा सोव्हिएत कप, झार्याला हरवून. १९७६ मध्ये वर्षात दोन छोट्या लीग झाल्या, त्यातल्या वसंतातल्या लीगमध्ये दुसरा. आणि १९७४-७५ चा युरोपियन कप. नॉर्वेचा व्हायकिंग आणि आयर्लंडचा कॉर्क सेल्टिक यांना हरवून उपांत्यपूर्व फेरीत, तिथे बायर्न. म्युनिकमध्ये ०-२, येरेवानमध्ये १-०, गोल आंद्रेआस्यानचा. बायर्नने पुढे तो कप जिंकला. मार्कारोवने त्या स्पर्धेत ५ गोल केले, गेर्ड म्युलरच्या बरोबरीने सर्वांत जास्त. एका नियमाच्या कृपेने चमकून विझलेला संघ असा सहा वर्षं वर राहत नाही.

---

फातोर्डेकर | सायंकाळी ६.०२

मार्कारोव हा मूळ बाकूचा ना? नेफ्तचीकडून खेळायचा?

---

दूरचा_स्टँड | सायंकाळी ६.१५

हो, बाकूत जन्मलेला आर्मेनियन. नेफ्तचीकडून दहा वर्षं खेळला आणि १९७१ मध्ये येरेवानला आला. सिमोन्यानही आर्मेनियाबाहेरच वाढलेले, जन्म अर्माविरचा, बालपण सुखुमीत, बहुतेक कारकीर्द मॉस्कोच्या स्पार्ताकमध्ये. स्पार्ताकला खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, दोन्ही नात्यांनी विजेतेपदं मिळवून दिली आणि मग वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी या लोकांना लीग आणि कप दोन्ही दिले.

आता माझं. काल मी "थोडं उणेपण येतं" असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. वहीवाल्यांचा आक्षेप बरोबर आहे, एका फायनलने लीग सिद्ध होत नाही. पण मी प्रश्नच चुकीच्या बाजूने धरला होता. टायब्रेकरचा नियम अरारातला ढकलून वर नेणारा होता असं मी मनात गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात तो नियम पूर्ण विजयाची किंमत वाढवत होता, आणि अरारात जिंकण्यासाठी खेळणारा संघ होता. परवाच्या मित्राला हेच सांगणार आहे, आणि सोबत इश्तोयानची गोष्ट.

@अरारातच्या_सावलीत, तुमच्या आजींचा तो फोटो अजून आहे का?

---

अरारातच्या_सावलीत | रात्री ९.४८

आजी २०१९ मध्ये गेल्या. आत्ता त्यांच्या नातवाला विचारलं, फोटो तिथेच आहे म्हणतो. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खेळाडूच्या चेहऱ्यावर आजींचं बोट लागून लागून कागद पांढरा झालाय. तो कोण ते त्यालाही आता ओळखता येत नाही.

---

पेठेतला_गोली | रात्री १०.०३

ताई, ते "हुप तुर" म्हणायचं कसं ते एकदा रेकॉर्ड करून पाठवा. येत्या रविवारी शाहू स्टेडियमला आमची मॅच हाय.